हरकतरावांच्या गल्लीतला नळ

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी माझं चरित्र लिहिलं. पातळसं पुस्तक आहे. त्यातलं पहिलं पान माझ्या फोटोला गेलंय आणि शेवटचं छापखान्याच्या जाहिरातीला. मधे मी आहे. परक्या राजवटीत मी नगरपालिकेत कसा ताठ मानेनं बसलो, साहेबाच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला, जनतेनं मला कसं डोक्यावर घेतलं, वगैरे वगैरे. वाचताना मलाच माझा हेवा वाटला. हा माणूस आपल्याला एकदा भेटायला हवा होता, असं वाटत राहिलं.

फक्त एका वाक्याला माझी हरकत आहे. ‘शेवटच्या निवडणुकीत जनतेने त्यांना अभूतपूर्व बहुमताने विजयी केले, परंतु सत्तेचा मोह नसल्यामुळे त्यांनी पद स्वीकारले नाही.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि सगळं मिळून साफ खोटं आहे. हेडमास्तरांना तसं सांगितलं, तर ते ‘विनय, विनय!’ म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. तेव्हा म्हटलं, आपलं आपणच सांगून टाकावं.

मला गावात हरकतराव म्हणत. समोर नाही, पण पाठ वळायच्या आत. सभेत कोणी काही मांडलं की मी उठून ‘हरकत आहे!’ म्हणायचो. माझी पहिली हरकत मोठ्या साहेबाच्या खुर्चीला होती. त्याची खुर्ची आमच्या खुर्च्यांपेक्षा वीतभर उंच. का म्हणून? मी वाद घातला, वर्तमानपत्रात लिहिलं, वरपर्यंत अर्ज गेले. शेवटी साहेबानं आमच्या खुर्च्यांखाली लाकडी ठोकळे ठोकून दिले. पुढची कित्येक वर्षं गावाचे सगळे प्रतिनिधी पाय लोंबकळत ठेवून कारभार बघत होते. पायांना मुंग्या यायच्या, पण स्वाभिमान शाबूत होता.

धंद्यानं मी वकील. वकिली बेताची, कारण कोर्टात हरकत घ्यायची तर अशील लागतो. नगरपालिकेत ती अट नव्हती.

मग गावात नळ यायचे ठरले. तलावापासून लोखंडी नळ टाकायचे, एकेक रस्ता, एकेक गल्ली करत. काम सुरू झालं आणि बघतो तर काय, दवाखान्याच्या आधी लाकूडव्यापाऱ्याच्या तबेल्यात पाणी! लाकूडव्यापारी आमच्यातलाच एक सभासद. त्याचे घोडे नळाचं पाणी पीत होते आणि दवाखान्यातले रोगी बादलीची वाट बघत होते. माझं डोकं फिरलं. मी ठराव मांडला: सभासद ज्या गल्लीत राहतो, त्या गल्लीला तो सभासद असेपर्यंत नळ मिळणार नाही. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आमचे सभासद लाजेकाजेनं वाजवत होते, लोक मनापासून. मोठ्या साहेबानंही वाजवली. त्यानं वाजवली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ठराव झाल्यावर आठवड्याभरातच आमच्या सभासदांनी बिऱ्हाडं हलवली. म्हणजे कागदावर. लाकूडव्यापारी मेहुणीकडे राहायला गेला. डॉक्टर दवाखान्यात राहू लागले. एक पठ्ठ्या तर स्मशानाच्या रखवालदाराच्या खोलीत राहत असल्याचं लिहून मोकळा झाला. रोज संध्याकाळी मात्र सगळे आपापल्या बंगल्यात, आपापल्या नळाखाली. मी पत्ता बदलला नाही. छे! मी राहत होतो तिथेच राहिलो, आणि माझ्याबरोबर माझी सगळी गल्ली कोरडी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

गल्लीला याचा राग यावा की नाही? उलट अभिमान! ‘आमच्याकडे नळ नाही, पण माणूस आहे,’ असं आमचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा. दर निवडणुकीला मला भरभरून मतं पडायची. मी निवडून आलो की गल्लीचं पाणी आणखी एका मुदतीपुरतं लांबायचं, आणि त्या आनंदात लोक मला खांद्यावर घेऊन मिरवायचे.

विहीर उताराच्या तळाशी होती आणि आमचं घर चढाच्या टोकाला. पूर्वी एक पाणक्या यायचा. त्याला वॉटरवर्क्समध्ये नोकरी लागली. माझ्याच शिफारशीनं. त्यानंतर पाणी बायको भरायची.

तुम्ही विचाराल, तुमचे हात काय मोडले होते? अहो, गेलो होतो की मी! मोठी घागर घेऊन, बाह्या सरसावून. विहिरीवर पोचतो न पोचतो तोच शिंपीणबाई म्हणाली, "बरे भेटलात, त्या गटाराचं काय झालं?" मग पाववाल्याचं कंदिलाचं गाऱ्हाणं, मग कोणाची कर आकारणी. मी प्रत्येकाचं ऐकलं, प्रत्येकाला आश्वासन दिलं. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा घागर रिकामी होती. नंतर कळलं, ती घागरही माझी नव्हती. दुसऱ्यांदा गेलो तर लोकांनी हातातून काढूनच घेतली, ‘तुम्ही गावाचं बघा, पाण्याचं काय एवढं!’ मला ते पटलं. मला पटायला फार वेळ लागत नसे, गोष्ट सोयीची असली की.

मग एका थंडीत बायकोचा उजवा खांदा धरला. आधी ती काही बोलली नाही. मग भांडी डाव्या हातानं ठेवू लागली. डॉक्टरांनी, त्याच दवाखान्यात राहणाऱ्या डॉक्टरांनी, खांदा हलवून बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ओझं बंद करा. नाहीतर हा हात कायमचा जाईल." मी गंभीर चेहरा करून मान हलवली. सभेत हलवायचो तशीच.

त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, निवडणूक जवळ आलीय. यंदा उभे राहू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सभासद नसलात की गल्लीला नळ मिळेल. तुमचाच ठराव ना?"

मी उभा राहिलो. घरातही मी महत्त्वाचं बोलायला उभा राहायचो. म्हटलं, "आज मी पाण्यासाठी मागे हटलो, तर साहेब उद्या हसत सांगेल, हरकतराव एका तोटीपुढे वाकला!"

"मग तो ठराव तरी फिरवा."

"स्वतःच्या सोयीसाठी? लोक तोंडात शेण घालतील!"

तिनं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बरं." बायकोचं ‘बरं’ म्हणजे काय, हे मला तोवर कळायला हवं होतं, पण मी ते अनुमोदन समजलो.

आमचा वॉर्ड म्हणजे आमची गल्ली आणि कोपऱ्यावरचा बर्फवाल्याचा बंगला. बर्फवाल्याचा बर्फाचा कारखाना होता. माणूस गोड, साहेबापुढे जरा जास्तच गोड. बंगल्याचं दार हमरस्त्याला, त्यामुळे त्याच्याकडे नळ केव्हाच आलेला. तो माझ्याविरुद्ध उभा राहिला आणि लोक हसले. मीही हसलो. आणि इकडे आमच्या सौभाग्यवती दुपारी दारोदार फिरून सांगू लागल्या, "यंदा यांना पाडा."

गंमत बघा. पूर्वी साहेबासमोर हात वर करून मतदान व्हायचं. ते बंद करून चिठ्ठी आणि पेटी आणली ती कोणी? मी. बायकांना मताचा हक्क द्या म्हणून घसा फोडून कोण ओरडलं? मीच. ही त्याच हक्काची पहिली निवडणूक. आपणच पाजळलेल्या सुऱ्या होत्या, आता आपल्याच मानेवर येत होत्या.

मला हे कळलं न्हाव्याच्या दुकानात. मी आत शिरलो आणि सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागले. गल्लीत हवेबद्दल कोणी कधी बोलत नसे. न्हाव्यानं माझ्या गालाला साबण लावला आणि पुढे हातच उचलेना. मी म्हटलं, "अरे, काय झालं?" तर बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "वहिनींनी शपथ घातलीय हो. खांदा दाखवला त्यांनी. आम्ही काय करणार?" मी तसाच साबण लावलेल्या तोंडानं घरी निघालो. संतापलो होतो. माझ्याच घरात फितुरी! पायरीवरच ‘हरकत आहे’ म्हणून ओरडायचं ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. आत बायको खाली बसली होती आणि शिंपीणबाई तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होती.

मी दारातच थांबलो. त्या दोघींना मी दिसलो नाही. शिंपीणबाई म्हणाली, "रोज येत जाईन मी, त्यात काय एवढं." आणि बायको म्हणाली, "यांना सांगू नका हं. उगाच भाषण करतील."

तिचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. किती दिवस जात नव्हता कोण जाणे. गावातल्या प्रत्येक गटाराचा उतार मला पाठ होता, आणि माझ्या बायकोची वेणी दुसरं कोणी घालतंय हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. इतकी वाटली की मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि साबणाच्या तोंडानंच नदीवर जाऊन बसलो.

राजीनामा द्यावा, उमेदवारी मागे घ्यावी? मुदत टळून गेली होती. ती मुदतही माझ्याच हरकतीमुळे आठवड्यानं अलीकडे आलेली. मग ठरवलं, गल्ली पाडतेय तर पाडू दे. आपण मुकाट्यानं पडायचं. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडायचं नाही.

मतदानाच्या दिवशी मी पडद्याआड गेलो. चिठ्ठीवर दोन चौकोन होते. माझ्या नावावर शिक्का मारायची हाताला इतकी सवय, की तो आपोआप तिकडेच निघाला. त्याला ओढून मी बर्फवाल्याच्या चौकोनावर आणला आणि शिक्का मारला. बाहेर बायको बायकांच्या रांगेत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिनंही माझ्याकडे नाही. गल्लीतलं एकही माणूस मला नजर देत नव्हतं. पाववाला तर मला बघून खांबाआड झाला, आणि पाववाला खांबाआड मावणाऱ्यांतला नव्हता.

संध्याकाळी मोठ्या दालनात मोजणी झाली. पराभवाचं भाषण मी खिशात नेलं होतं. ते विजयाच्या भाषणापेक्षा छान जमलं होतं. कारकून एकेक चिठ्ठी उघडून वाचत होता. माझं नाव. परत माझं नाव. परत माझं. साहेब आधी जांभया देत होता, मग पुढे सरकून बसला. वाचणारा कारकून थकला, दुसरा बसला. पेटी रिकामी झाली तेव्हा बर्फवाल्याला पडलेली मतं होती दोन.

बर्फवाला घामानं निथळत होता. एक मत त्याचं स्वतःचं, हे उघड होतं. म्हणजे त्याच्या बायकोनंही मलाच दिलेलं. तो माझा हात धरून म्हणाला, "दुसरं कोणाचं असेल हो? एक तरी माणूस या वॉर्डात माझा आहे! मला त्याचे पाय धरायचेत." मी म्हटलं, "राहू द्या. त्याला आवडणार नाही."

लोकांनी मला उचलायला हवं होतं, पण कोणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघत होते. मी एकटाच चालत घरी आलो.

घरी रीघ लागली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. पहिला न्हावी. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, चुकलं. मला वाटलं बाकी सगळे पाडणारच आहेत. मग माझ्या एका मतानं काय होणार? एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर एक तरी चिठ्ठी असावी, म्हणून..." तो गेला तर पाववाला. तेच. "मला वाटलं, बिचाऱ्यांना भोपळा नको." मग शिंपीणबाई डोळे पुसत आली. "अहो, मी तर वेणी घालते तुमची! पण चिठ्ठी हातात आली आणि त्यांनी गल्लीत लावून दिलेला दिवा आठवला." अख्ख्या गल्लीनं प्रत्येकी एकेकट्यानं माझी कीव केली होती, आणि सगळ्यांची कीव मिळून अभूतपूर्व बहुमत झालं होतं. हेडमास्तर, हे लिहा!

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. बायको चुलीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, "आणि तू?"

चुलीतलं लाकूड पुढे सारत ती म्हणाली, "तुम्हाला एकही मत पडलं नसतं तर तुम्ही जेवला नसता."

"अगं, पण तूच तर..."

"हो, मीच! दारोदार फिरले मी. पण शिक्का मारायच्या वेळी तुमचं तोंड आठवलं. साबण लावलेलं. नदीकडे तसेच गेलात ना त्या दिवशी? खिडकीतून पाहिलं मी." आणि मग तिनं मान वळवून विचारलं, "बर्फवाल्याला दुसरं मत कोणी दिलं असेल हो?"

मी म्हटलं, "मी."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता खांदा दुखला तसा तो डाव्या हातानं दाबून धरला, आणि मग ती रडायलाच लागली. "अहो, पाण्यासाठी कोणी मत दिलं असेल तर ते तुम्ही एकट्यानंच!" मला काय करावं कळेना. उभा राहिलो आणि भाषण न करता परत बसलो. माझ्या बाबतीत हे प्रथमच.

पुढच्या सभेत शपथविधी होता. माझं नाव पुकारलं गेलं. मी ठोकळ्यांवरच्या खुर्चीतून खाली उतरलो आणि म्हणालो, "हरकत आहे."

साहेबानं कपाळाला हात लावला. "अजून काही झालंच नाही. हरकत कशाला?"

"या सभासदाला."

"कोणत्या?"

"मला. या माणसाला गावाचं सगळं दिसतं, घरातलं दिसत नाही. असा माणूस या सभेत नको. मी शपथ घेत नाही."

सभेत कोणी हसलं नाही. माझ्या सगळ्या हरकतींत लगेच मान्य झालेली तेवढी एकच. नियम असा होता की विजयी उमेदवारानं शपथ घेतली नाही तर जागा दुसऱ्या क्रमांकाला जाते. बर्फवाला उठला, त्यानं शपथ घेतली, आणि दोन मतांवर मुदत संपेपर्यंत आमचा प्रतिनिधी राहिला. त्यातलं एक माझं होतं, म्हणून मी त्याच्या कारभारावर कधी टीका केली नाही. करायची फार इच्छा व्हायची.

नळ आला. उन्हाळा संपायच्या आत खोदकाम झालं. आमच्या दारासमोरच तोटी बसवली, वॉटरवर्क्समधल्या त्या जुन्या पाणक्यानं स्वतः येऊन. बर्फवाल्यानं फीत कापली, लांबलचक भाषण केलं. गल्लीतले लोक पाण्यात हात घालून पोरांसारखे नाचले. मग सगळे बाजूला झाले आणि म्हणाले, पहिली घागर वहिनींची.

बायको पुढे झाली. घागर तोटीखाली ठेवली. भरली. आणि ती उचलायला वाकली तेव्हा हात वर आलाच नाही. पुन्हा वाकली. हात येईना. पाणी काठावरून वाहून तिच्या पायांवर पडत होतं. ती हसून म्हणाली, "उशीर झाला वाटतं." नळाला नाही म्हणाली, खांद्याला. मला दोन्हीही लागलं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. तो हात पुढे कधी डोक्यापर्यंत गेला नाही. घागर मी उचलली. तेव्हापासून मीच उचलतो. अजूनही कोणी ना कोणी तोटीपाशी गाठून गटाराचं गाऱ्हाणं सांगतं. मग बायको खिडकीतून ओरडते, "अहो, पाणी वाहून चाललंय!" आणि मी निमूट घरी येतो.

आता परके गेले. साहेबाची उंच खुर्ची कचेरीच्या अडगळीत पडलीय, आमच्या रस्त्याला माझं नाव दिलंय आणि त्यावर गावातले सगळ्यांत मोठे खड्डे आहेत. चरित्रात हे काहीच नाही. शिंपीणबाई वारली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी बायको माझ्यापुढे खाली बसते आणि मी तिची वेणी घालतो. केस पांढरे झालेत, विरळ झालेत, तरी मला जमत नाही. आजही तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "भांग वाकडा काढलात. हरकत आहे."

मी म्हटलं, "मान्य," आणि वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतलं.